नुसतं बसायचं काम

मागच्या ईदच्या सुट्टीत एका उंटाने माझी निवृत्ती खाल्ली.

हे मी ऑफिसात सांगितलं तेव्हा लोक हसले. तुम्हीही हसा, माझी हरकत नाही. माझी आता कशालाच हरकत नसते.

आम्ही दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहतो आणि माझी नोकरी अबुधाबीला. म्हणजे अंधारात उठायचं, गाडी हाणत जायचं, दिवसभर बिलांवरून भांडायचं (मी एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत बिलिंग बघतो), गाडी हाणत परत यायचं आणि ताटावरच डुलक्या घ्यायच्या. वीस वर्षं हेच चाललंय. एवढ्या काळात मी दिवसाउजेडी खुर्चीत स्वस्थ बसलो असेन, तर तो व्हिसाच्या मेडिकलला, नंबर येईपर्यंत.

अशा माणसाने मोबाइलवर मोटरहोमचे व्हिडिओ पाहू नयेत. मी पाहिले. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, फ्रिज, मोरी, सगळं. जगात कितीतरी लोक घरदार विकून त्यातच राहतात. ते लोक फुरसतीच्या वेळात काय करतात, याचा मी बारकाईने अभ्यास केला. ते खुर्ची मांडतात आणि बसतात. कॉफी पितात आणि पुन्हा बसतात. संध्याकाळी शेकोटी पेटवतात आणि तिच्याभोवती बसतात! मला अक्षरशः गहिवरून आलं.

मी बायकोला म्हणालो, "वैशाली, पुढच्या वर्षी मी नोकरी सोडतो. फ्लॅटही सोडू. एक जुनी मोटरहोम घेऊ आणि हिवाळाभर त्यात राहू."

"आणि दिवसभर करायचं काय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काहीच नाही!"

"त्यासाठी वाळवंटात कशाला जायचं? रविवारी तुम्ही घरी तेच करता."

पण वैशाली तशी न्यायी आहे. तिने तोड काढली. ईदच्या सुट्टीत मोटरहोम भाड्याने घ्यायची आणि राहून बघायचं. स्वस्थ बसणं मला झेपलं, तर नोकरी सोडायची. नाही झेपलं, तर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. माझं उरलेलं आयुष्य त्या सुट्टीवर ठरणार होतं, आणि मी खुशीत होतो. नुसतं बसायचं तर होतं!

आमची मुलगी सई बारावीला आहे. ती मराठी समजते, पण उत्तर इंग्रजीत देते. तिने एवढंच विचारलं, "बाबा, इज देअर वायफाय?"

राहता राहिली माझी आई. ती हिवाळ्यात चिपळूणहून व्हिजिट व्हिसावर आली होती आणि आल्यापासून आमच्या बाल्कनीकडे बघून उसासे टाकत होती. आमच्या बिल्डिंगमध्ये बाल्कनीत काहीही वाळत घालायला मनाई आहे. साधा टॉवेल दिसला तरी खालून फोन येतो. "एवढं खणखणीत ऊन," आई म्हणायची, "नि सगळं फुकट चाललंय!" जणू मीच ते गटारात ओतत होतो. तिने विचारलं, "आपण जातोय तिथे आहे काय रे?"

आणि मी बोलून गेलो, "काही नाही गं. नुसतं ऊन आणि मोकळी जागा."

वाचकहो, ऐन चैत्राच्या तोंडावर मराठी बाईसमोर 'ऊन' आणि 'मोकळी जागा' हे शब्द एका वाक्यात कधीही उच्चारू नका. सुटे सुटे चालतील. एकत्र नको. दुसऱ्या दिवशी मी आंघोळीला गेलो तर बादलीत गहू भिजत होते.

"आई, हे काय आहे?"

"काही नाही. तू दुसरी बादली घे."

पुढे त्या बादलीला असा आंबूस वास सुटला, की शेजारचं मल्याळी कुटुंब जिन्यात भेटलं की आमच्याकडे काळजीने बघू लागलं. मग एका संध्याकाळी आई आणि वैशालीने ते गहू मिक्सरमधून काढले, चीक गाळला आणि डब्यात भरला. तोवर मला सगळं उमगलं होतं, पण अंगात विरोध करायचं त्राण नव्हतं. मला वाटलं, त्या दोघी घालतील कुरडया. माझा काय संबंध? मी बसेन.

निघायच्या दिवशी माझं सामान म्हणजे जाळीची एक आरामखुर्ची आणि कधीपासून वाचायची राहिलेली एक जाड कादंबरी. त्यांचं सामान म्हणजे मोठं पातेलं, शेगडी, सोऱ्या, पोळपाट, लाटणी, उडदाचं पीठ, पापडखार, जुन्या साड्या, प्लॅस्टिकचे कागद, गव्हाची ती बादली आणि चिकाचा तो डबा. मोटरहोम ताब्यात द्यायला आलेला पोरगेला माणूस हे चढताना बघत राहिला. शेवटी त्याला राहवलं नाही. "सर, कॅम्पिंग को जा रहे हैं या केटरिंग को?"

अल कुद्राच्या पुढे वाळवंटात ती जागा होती. चार-दोन मोटरहोम, आंघोळीसाठी एक बांधलेली खोली, काही गाफची झाडं आणि बाकी वाळू. शेजारच्या गाडीपाशी पीटर आणि ॲन नावाचं एक निवृत्त इंग्रज जोडपं बसलं होतं. ते वर्षातले कित्येक महिने असेच राहतात म्हणे. नुसतं बसले होते दोघं! ना बोलत होते, ना हलत होते. पीटरने माझ्याकडे पाहून हात केला, तोही अर्धाच. मनातल्या मनात मी त्याला साष्टांग नमस्कार घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्ची मांडली, चहाचा कप वाळूत रोवला, कादंबरी उघडली. पहिलं वाक्य नदीबद्दल होतं. ते कुठे जाऊन संपतं हे मला अजूनही माहीत नाही, कारण तेवढ्यात हाक आली.

"मिलिंदाऽऽ! चीक घाटायला ये!"

"आई, मी बसलोय."

"तेच म्हणते. बसलायस ना? मग ये!"

"वैशाली आहे ना?"

"ती सोऱ्याला तेल लावतेय. आणि चीक घाटायला पुरुषाचा हात लागतो."

ज्यांनी चीक घाटलेला नाही त्यांना सांगतो. सुरुवातीला तो दुधासारखा असतो आणि आपल्याला वाटतं, हे तर सोपं आहे. मग तो बदलतो. ढवळणं थांबवलं तर गुठळी होते, आणि गुठळी झाली तर आई होते. मी वाळूत उभा राहून दोन्ही हातांनी पळी फिरवत होतो आणि घाम थेट नाकावरून खाली येत होता ("पातेल्यात पाडू नकोस हं!"). पीटरने हातातलं पुस्तक मिटलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवून घेतली. त्याच्या फुरसतीची सोय झाली होती.

पहिल्या कुरडया साडीवर पडल्या आणि वारा सुटला. वाळू! आईने क्षणात निर्णय घेतला आणि मोटरहोमच्या टपाकडे बोट केलं. मी मागच्या शिडीवरून ताटं घेऊन वर चढलो.

"तिथे ते काळं सपाट काय दिसतंय?" आईने खालून विचारलं.

"आई, ते सोलर पॅनेल आहे. त्याच्यावर आपली वीज तयार होते."

"म्हणजे चांगलं तापत असेल."

"तापतं, पण..."

"मग घाल की त्यावर!"

घातल्या. दुपारपर्यंत कुरडया झकास वाळल्या आणि फ्रिज बंद पडला. पंखा बंद पडला. पाण्याचा पंप बंद पडला. सई आतून बाहेर आली. तिचा चेहरा घरात कुणी गेल्यासारखा झाला होता.

"बाबा, माय फोन इज डाईंग! व्हाय आर देअर नूडल्स ऑन द सोलर?"

"आजीला विचार."

"आजी!"

"थांब गं. अजून खालून ओल्या आहेत."

पुढच्या दिवशी पापड होते. उडदाचं पीठ तेलाचा हात लावून कुटावं लागतं. ओट्यावर बत्त्याने कुटायला लागलो (हो, मीच! इथेही पुरुषाचा हात लागतो) तेव्हा आख्खी मोटरहोम डोलायला लागली. ॲन घाबरून विचारायला आली, सगळं ठीक आहे ना? आईने तिला आत ओढलं, बसवलं आणि हातात लाटणं दिलं. आईला इंग्रजी येत नाही आणि ॲनला मराठी. पण दोघी दिवसभर अखंड बोलत होत्या, आणि ज्या अर्थी अधूनमधून माझ्याकडे बघून हसत होत्या त्या अर्थी विषय समजत होता.

थोड्या वेळाने ॲनला शोधत पीटर आला. माझं दैवत! मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, पळ बाबा, तुझी खुर्ची मोकळी आहे. पण आईने त्याला लाट्या करायला बसवलं. संध्याकाळी तो हात तेलकट करून, मिशीला पीठ लावून मला म्हणाला, "ब्रिलियंट, मेट! इतक्या वर्षांत एवढी मजा आली नव्हती."

म्हणजे तोसुद्धा इतकी वर्षं नाइलाजाने बसला होता! मला फार एकटं वाटलं.

मी जाऊन माझ्या खुर्चीत अंग टाकणार, एवढ्यात वैशाली ओरडली.

"अहो, उठा! बसू नका तिथे!"

"का?"

"पापड आहेत. तुमची खुर्ची जाळीची आहे ना, खालून छान वारा लागतो."

मग मी गव्हाची रिकामी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसलो. तिला अजून वास येत होता. सूर्य वाळूमागे बुडत होता, आणि तो बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (त्यात पापडातल्या मिरपुडीचा वाटा असेल, पण सगळा नाही.)

"वैशाली," मी म्हणालो, "आपण विश्रांतीला आलो होतो गं."

"मग? मला तर फार बरं वाटतंय. कित्येक वर्षांत एवढ्या गप्पा झाल्या नव्हत्या. आई खूश, ॲन खूश, तो पीटर तर किती खूश! तुमचंच काहीतरी बिनसलंय. आल्यापासून एक क्षण स्वस्थ बसलेले दिसला नाहीत. सारखे आपले वर-खाली, आत-बाहेर. मला नाही वाटत हे तुम्हाला जमेल."

मी बादलीवरून उठलो, तर ती म्हणाली, "बघा! लगेच उठलात."

शेवटच्या दिवशी मात्र नशीब फिरलं. दुपारपर्यंत सगळं कडकडीत वाळत आलं. टपावरचं, टेबलांवरचं, खुर्च्यांवरचं सगळं वाळवण खाली आणून कागदांवर एकत्र पसरलं होतं. अजून थोडं ऊन खाल्लं की डबे भरायचे. आई, वैशाली आणि ॲन न्हाऊन घ्यायला बांधलेल्या खोलीकडे निघाल्या. आई माझ्याकडे वळली.

"मिलिंदा, तू इथे बस."

"आणि काय करू?"

"काही नाही. पक्षीबिक्षी आला तर काठी आपट. बाकी नुसतं बसायचं."

माझा कानांवर विश्वास बसेना. मी खात्री करून घेतली. "नुसतं बसायचं ना?"

"अरे हो, नुसतं बसायचं! जमेल ना तेवढं?"

जमेल ना! आई, यासाठीच तर मी वीस वर्षं अबुधाबीच्या चकरा मारल्या! मी जाळीच्या खुर्चीत बसलो. काठी मांडीवर घेतली. पाय लांब केले. वारा पडला होता. गाफच्या झाडाची सावली नेमकी तोंडावर आली होती. कुणी हाक मारत नव्हतं, फोन वाजत नव्हता, कुठलंही बिल थकलं नव्हतं. मी बसलो होतो, घरच्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या हुकमाने बसलो होतो, आणि मला अपार सुख झालं. हेच ते. एवढंच तर हवं होतं.

आणि मला झोप लागली.

अशी झोप मला लग्नाआधी लागायची. झोपेत कुरुम-कुरुम असा आवाज येत होता. मला वाटलं, वैशाली आली आणि कुरडई मोडून चाखून बघतेय. मी डोळे न उघडताच म्हणालो, "मीठ बरोबर आहे का गं?"

उत्तर आलं नाही. पण गरम, ओलसर वास आला. मी डोळे उघडले. समोर उंट होता. त्याच्या खालच्या ओठावरून अर्धी कुरडई लोंबत होती आणि तो अत्यंत शांतपणे माझ्याकडे बघत चघळत होता. त्याच्यामागे दुसरा उंट पापडांवर होता. त्याच्याही मागे एक पिल्लू होतं. सहकुटुंब आले होते!

मी काठी घेऊन उठलो, पण घाबरल्यामुळे तोंडातून भलतंच निघालं. "यल्ला! यल्ला!" इतकी वर्षं इथे राहून मला माहीत आहे की यल्ला म्हणजे 'चला, आटपा लवकर'. उंटालाही माहीत होतं. त्याने आटपलं. बघता बघता उरलेल्या कुरडया साफ!

त्याच क्षणी तिघी डोक्याला टॉवेल गुंडाळून परत आल्या. ॲनने तोंडावर हात ठेवला. वैशाली नुसती बघत राहिली, उंटाकडे नाही, माझ्याकडे. आईने माझ्या हातातली काठी काढून घेतली. आईने काठी काढून घेतली म्हणजे काय, हे तिच्या पोटी जन्म घेतल्याशिवाय कळायचं नाही.

आणि सई! सई मोटरहोमच्या दारात मोबाइल धरून उभी होती. सगळं शूट केलं होतं तिने.

"सई! तू बघत होतीस? मग मला उठवलं का नाहीस?"

"बट बाबा," ती म्हणाली, "यू लुक्ड सो पीसफुल. आय हॅव नेव्हर सीन यू लाइक दॅट."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. ओरडता आलं नाही.

इतक्यात धूळ उडवत एक मोठी गाडी आली आणि पांढराशुभ्र, पायघोळ कंदुरा घातलेले एक वयस्कर अरब गृहस्थ उतरले. उंट त्यांचे होते. इथे उंटांना पोटच्या पोरासारखं जपतात. त्यात पापडात पापडखार, हिंग, मिरी! उद्या त्यांना काही झालं तर? मी अबुधाबीच्या तुरुंगात असेन की दुबईच्या, इथपर्यंत माझा विचार पोचला. (तुरुंगात तरी बसायला मिळेल, असंही क्षणभर वाटलं.)

"क्या खिलाया इसको?" त्यांनी विचारलं. जुनी माणसं इथे छान हिंदी बोलतात.

"मैंने नहीं खिलाया," मी हात जोडले. "इन्होंने खुद खाया!"

त्यांनी कागदावरचा पापडाचा एक तुकडा उचलला, हुंगला आणि दाताखाली मोडून बघितला. त्यांच्या भुवया वर गेल्या. आई ते पाहून थेट शेगडीकडे पळाली आणि डब्यात आधीच भरून ठेवलेले थोडे पापड होते ते तळून घेऊन आली. गृहस्थ उभ्यानेच खाऊ लागले. एक, मग दुसरा. गडबड ऐकून आलेला पीटरही खाऊ लागला. उंटाने मान पुढे केली, त्याला मिळाला नाही.

"माजी, बहुत अच्छा! अगले साल ज़्यादा बनाना. हमारे घर के लिए भी."

"इन्शाल्ला!" आई म्हणाली. (हिवाळाभरात हे ती शिकली होती.)

मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "और ये आदमी?"

"ये राखण को बैठाया था," आई म्हणाली. "सो गया."

"अच्छा. नया है?"

"नहीं, पुराना है," आईने सुस्कारा टाकला. "मेरा ही है."

परतीच्या वाटेवर मी मोटरहोम चालवत होतो. मी मनातल्या मनात निकाल स्वीकारला होता. आणि तेवढ्यात वैशाली म्हणाली, "घेऊ या आपण एखादी जुनी मोटरहोम."

माझा पाय ब्रेकवर जाता जाता राहिला. "खरंच?"

"खरंच. आई पुढच्या हिवाळ्यात परत येणार आहेत. ॲन म्हणाली, जागा धरून ठेवते. सांडगे राहिलेत, बटाट्याचा कीस राहिलाय. मस्त होईल सगळं."

"म्हणजे मी राजीनामा देऊ?"

"तुम्ही?" ती माझ्याकडे वळली. "तुम्ही कशाला?"

"अगं, ठरलं होतं ना? स्वस्थ बसणं झेपलं तर नोकरी सोडायची. आणि मी बसलो होतो! सगळ्यांनी पाहिलंय!"

"बसला नव्हतात. झोपला होतात."

"दोन्हीत फरक काय?"

"कुरडया किती उरल्यात ते मोजा, म्हणजे फरक कळेल. अहो, जन्मात एकदा तुम्हाला नुसतं बसायचं काम दिलं होतं. ते एका दुपारपुरतं जमलं नाही, रोज कसं जमणार?"

मागून आईचा आवाज आला, अगदी मायेचा. "त्याला नोकरीवरच राहू दे बाई. सवय आहे त्याला."

सुट्टी संपली. पहाटे उठलो, गाडी काढली, अबुधाबीला गेलो. आमचे मॅनेजर माझी वाटच बघत होते, कारण निवृत्तीच्या गप्पा मी वर्षभर सगळ्या ऑफिसला ऐकवल्या होत्या.

"तो मिलिंदजी, छुट्टी कैसी रही? रेझिग्नेशन कब दे रहे हो?"

"नहीं सर," मी म्हणालो. "पाँच साल और रख लीजिए."

"अरे! अचानक क्या हुआ?"

"ट्रायल लिया था, सर," मी बिलांचा गठ्ठा पुढे ओढला. "घर पे बैठने की क्वालिफिकेशन नहीं है मेरी."